ताई, शाळा चांगली हाय का?

गेल्या महिन्यात एकाच शनिवारी सकाळी दोन जणींनी मला एकच प्रश्न विचारला. एक होती न्यू जर्सीत आणि दुसरी माझ्या ओट्यापाशी.

न्यू जर्सीवाली माझी कॉलेजची मैत्रीण. तिचं घर घेणं चाललंय. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून ती मला घरं दाखवत होती. म्हणजे मला वाटलं घरं, पण बाईसाहेब दाखवत होत्या शाळा! तिथला फंडाच असा आहे की आधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघायचं, मग घर. प्रत्येक पब्लिक शाळेला दहापैकी मार्क आणि खाली अख्खी कुंडली... गणितात किती टक्के मुलं पास, वाचनात किती, गोरी किती, आशियाई किती, सरकारी फुकट किंवा सवलतीचं जेवण किती जणांना. हा शेवटचा आकडा म्हणजे गरिबीचा थर्मामीटर.

"ही मिडल स्कूल सात आहे गं. पलीकडची नऊ, पण तिथे घर परवडत नाही. सात चालेल ना?"

मी काय सांगणार कप्पाळ! "सात म्हणजे फर्स्ट क्लास की," असं म्हणून फोन ठेवला.

वळून बघते तर आमच्या पोळ्यांच्या मावशी लाटणं हातात धरून उभ्या.

"ताई, त्या म्याडमला इतक्या लांबून शाळा कळती. मग आमच्या पोरीची शाळा चांगली हाय का, ते बी बगा की तुमच्या फोनात."

मावशी मूळच्या लातूरकडच्या. नवरा प्लास्टरचं काम करतो, म्हणजे सकाळी नाक्यावर उभा राहतो आणि काम मिळालं तर करतो. मुलगी सातवीत, महापालिकेच्या मराठी शाळेत. आता चाळीतल्या दोन बायकांनी मुलांना जवळच्या इंग्लिश स्कूलमध्ये घातलं, तसं मावशींच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. शाळेनं सांगितलं, घेऊ, पण इंग्लिश कच्चं आहे म्हणून जूनमध्ये आठवीऐवजी सहावीत बसवू. म्हणजे दोन वर्षं मागे. फी महिना दीड हजार, पुस्तकं-युनिफॉर्म-डोनेशन वेगळं. मावशींनी बचत गटात कर्जाचा शब्द टाकूनही ठेवला होता. सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं.

"तुमी फकस्त बगून सांगा. तुमी म्हनाल तसं करू."

मंडळी, यापेक्षा भयंकर वाक्य मी ऑफिसात कधी ऐकलेलं नाही!

आता मी आयटीवाली. रोज डोंबिवली-ठाणे, मग ट्रान्स-हार्बर पकडून ऐरोली. डेटा म्हटला की माझे हात शिवशिवतात. शंभर रुपयांचं मोबाईल कव्हर घ्यायला मी चाळीस रिव्ह्यू वाचते. त्यामुळे वाटलं, शाळेचं काय, दहा मिनिटांचं काम. चहा घेतला, लॅपटॉप उघडला.

तर माहिती आहे. प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस नंबर असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. शाळेचं पॅनकार्डच समजा. तो टाकला की कळतं, कुठल्या वर्गात मुलं किती, मुली किती, शिक्षक किती, मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे का, वीज, पाणी, ग्रंथालय, कॉम्प्युटर, रॅम्प. छान! नळ आहे हे कळलं. मुलांना गणित येतं का, हे मात्र कुठेच नाही.

का नाही? कारण आपण ज्याला शाळेचा 'रिझल्ट' म्हणून चौकात फ्लेक्सवर मिरवतो, तो दहावीचा. बऱ्याच पालिका शाळा आठवीला संपतात. त्यांना रिझल्ट नावाची गोष्टच नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. आपल्याकडे त्याच वर्षी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. म्हणजे मार्कांऐवजी अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आणि शेजारी 'चित्रे आवडीने रंगवते' छाप वर्णनात्मक नोंदी. मावशींनी मुलीचं प्रगतिपुस्तक आणून दाखवलं. गणितात ब-२. "ही बी-टू म्हंजी पास का नापास?" त्यांनी विचारलं. बरोबर प्रश्न होता. ब-२ म्हणजे ६१ ते ७० टक्के, एवढं मी सांगितलं. पण ते ६१ टक्के कशातले, ते मलाही सांगता आलं नाही.

सर्व्हे असतात की, तुम्ही म्हणाल. असतात. 'असर' नावाचा सर्व्हे २००५ पासून येतोय. घरी जाऊन मुलांना दुसरीचा उतारा वाचायला आणि भागाकार करायला देतात. तो सुरू केला 'प्रथम' संस्थेनं, जिचं काम मुंबईच्याच वस्त्यांमधून उभं राहिलं. पण हा सर्व्हे ग्रामीण भागाचा! ठाणे, कल्याण, डोंबिवली त्यात बसतच नाही. सरकारची राष्ट्रीय संपादणूक चाचणी १२ नोव्हेंबर २०२१ ला झाली, तिची नवी आवृत्ती 'परख' ४ डिसेंबर २०२४ ला, तिसरी, सहावी आणि नववीसाठी. पण ती देते जिल्ह्याची सरासरी. आता ठाणे जिल्हा म्हणजे काय? एका टोकाला घोडबंदर रोडचे चाळीस मजली टॉवर, दुसऱ्या टोकाला शहापूर-मुरबाडचे पाडे. या दोघांची सरासरी काढून मावशींना काय सांगू?

आणि मुलांच्या संख्येवर तरी डोळे मिटून विश्वास ठेवावा, तर तिथेही इतिहास आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी! मतदानासारखी, म्हणजे एकच मूल दोन शाळांत दिसू नये. आणि कागदावरची लाखो मुलं जागेवर सापडलीच नाहीत. त्यानंतर ऑनलाइन 'सरल' आलं, आता यूडायसमध्येही एकेका मुलाची नोंद होते. आकडे पूर्वीपेक्षा खरे झालेत, हे मान्य करायला हवं.

पण रात्री अकरा वाजता माझ्यासमोर जे होतं, त्यावरून मावशींना एवढंच सांगता आलं असतं की शाळेत रॅम्प आहे.

सोमवारी सुट्टी टाकली. (कारण दिलं 'पर्सनल'. शाळा बघायला जाते म्हटलं असतं तर टीमनं पेढे मागितले असते.) मावशी इंग्लिश शाळेला आठवड्याची मुदत मागून आल्या होत्या. आम्ही दोघी पालिकेच्या शाळेत गेलो.

दुमजली इमारत, पिवळा रंग, जिन्यावर पाढे रंगवलेले. शिजणाऱ्या खिचडीचा वास. सातवीच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं, पट ३४, हजर २७. मुख्याध्यापिका मॅडमनी आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सीएसआर का?" मी म्हटलं, नाही हो, यांच्याबरोबर आलेय. मग त्या मोकळ्या झाल्या. वर्गशिक्षिका बाईंनी तर वर्गच माझ्या हवाली केला. "विचारा काय विचारायचं ते. मी तेवढ्यात ऑनलाइन माहिती भरते, आज शेवटची तारीख आहे."

मी आपलं सोपं विचारलं. गाव कुठलं? हात वर. लातूर, नांदेड, जालना. जळगाव. जौनपूर, आझमगड. कलबुर्गी. मुरबाडकडचा एक जण. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "डोंबिवली," आणि सगळा वर्ग खो खो हसला. गाव डोंबिवली कसं असेल? गाव म्हणजे जिथे आजी असते ते!

आई-बाबा काय करतात, हेही त्यांनीच सांगितलं. रिक्षा, प्लास्टर, भाजीची गाडी, वॉचमन, घरकाम, घरकाम, घरकाम. बाईंनी मागून भर घातली की काहींच्या घरी हिंदी, एकीच्या घरी कन्नड, आणि शाळा मराठी. त्यामुळे मूल सातवीत असलं तरी मराठीतली चार-पाच वर्षंच झालेली असतात. काही मुलं लग्नसराईला गावी जातात ती जूनला परततात, काही परततच नाहीत. फळ्यावरची सात मुलं कुठे होती? दोघं आजारी, तिघं गावी, एक धाकट्या भावाला सांभाळायला घरी, एकाचा फोन लागत नव्हता. बाईंना सातही तोंडपाठ!

मला माझे बाबा आठवले. ते साठच्या दशकात ठाण्यात नगरपालिकेच्या शाळेत शिकले. तेव्हा महापालिका नव्हती. ठाण्याची १९८२ ची, कल्याणची १९८३ ची. बाबांच्या बाकावर एका बाजूला डॉक्टरांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला हमालाचा. फायनलच्या वर्षी तिघं एका कंदिलात अभ्यास करत. आणि त्याआधी माझे आजोबा. ते फक्त सातवी शिकलेले, पण ती 'व्हर्नाक्युलर फायनल'. त्या सर्टिफिकेटावर ते प्राथमिक शिक्षक झाले आणि घर उभं राहिलं. सातवी म्हणजे तेव्हा चेष्टा नव्हती, बॉस!

मग झालं काय? आमची पिढी पालिकेच्या शाळेतून अनुदानित शाळेत गेली. डोंबिवलीत टिळकनगर, स. वा. जोशी ही नावं आजही घराघरांत अभिमानानं निघतात. मीही अशाच एका शाळेची. आणि आता आमची मुलं? ती इंग्लिशमध्ये. ठाण्यात डिसेंबर २०१० मध्ये मराठी साहित्य संमेलन झालं, डोंबिवलीत फेब्रुवारी २०१७ मध्ये. दोन्ही वेळा आपण ग्रंथदिंडीत झब्बे घालून मिरवलो आणि घरी येऊन प्ले-ग्रुपचा फॉर्म भरला. म्हणजे पालिकेच्या शाळेतून गरीब मुलं आली असं नाही झालं, ती तर तेव्हाही होती. बाकीचे उठून गेले. डॉक्टरांचा मुलगा उठला, मग क्लार्कचा उठला, आणि आता प्लास्टरवाल्याची मुलगी उठायच्या बेतात आहे.

आणि पट कमी झाला की काय होतं, ते मुख्याध्यापिका मॅडमनी मला दोन मिनिटांत समजावलं. कायद्यानं सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, शिवाय विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांचा प्रत्येकी एक असावा. पण किती पदं मंजूर, हे दरवर्षी पटावरून ठरतं. त्याला संचमान्यता म्हणतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं हे गणित आणखी कडक केलं, आणि वरच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षक कुठून मिळणार, यावरून शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. म्हणजे दहा मुलं गेली की गणिताचे सर जातात, सर गेले की आणखी दहा मुलं जातात. लोचा कळला?

उरलेल्या शिक्षकांचा वेळ तरी वर्गात जातो का? नुसतं २०२४ घ्या. जानेवारीत मागासवर्ग आयोगाचं घरोघर सर्वेक्षण, मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरमध्ये विधानसभा. निवडणुकीचं काम शिक्षकांना देता येतं, कायद्यातच तशी सूट आहे. बाई हसून म्हणाल्या, "आमच्या भागातलं प्रत्येक घर मला माहितीये. मोजायला गेलेच आहे ना!"

आता खरी परीक्षा. बाईंची परवानगी घेऊन मी फळ्यावर 'असर'छाप एक भागाकार लिहिला. ८१६ भागिले ६. सात-आठ मुलांनी झटकन केला. काहींनी हळूहळू. बऱ्याच जणांची गाडी आठातून सहा गेल्यावर अडकली. मावशींची लेक त्यांच्यातलीच. पेन तोंडात, मान खाली. आणि मावशी दारातून बघतायत. मला इतकं वाईट वाटलं ना, की हा प्रयोग मी का केला असं झालं.

मग मी तिच्या शेजारी बसले आणि हळूच म्हटलं, समज आठशे सोळा रुपये आहेत, सहा बायकांत वाटायचे.

तिनं वर बघितलंही नाही. "सहाशाचे शंभर-शंभर. राहिले दोनशे सोळा. दोनशे दहाचे पस्तीस-पस्तीस. राहिले सहा, एक-एक. एकशे छत्तीस." वेळ, दहा सेकंद. आईच्या बचत गटाचा हिशेब हीच ठेवते म्हणे!

हे काही तिचं एकटीचं नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर अभ्यास केला, तो २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. तोंडी हिशेबात ही पोरं तरबेज, पण तीच आकडेमोड वहीवर मांडली की अडतात. आणि शाळेत वहीवर हुशार असणारी मुलं बाजारात अडतात! दोन्हीतला पूल कोणी बांधत नाही. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बांधते हो मी. पण एका तासात ३४ पूल कसे बांधू?"

रेटिंगचं माझं डोकं तिथेच थोडं ताळ्यावर आलं. अमेरिकेत १९६६ मध्ये कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं लाखो मुलांचा अभ्यास करून सांगितलं होतं की मुलांच्या मार्कांमधल्या फरकाचा मोठा भाग शाळेच्या इमारतीतून किंवा खर्चातून येत नाही, तो मुलांच्या घरातून येतो. म्हणजे माझ्या मैत्रिणीची ती सात आणि नऊवाली शाळा? त्या आकड्यात शिक्षक किती चांगले हे थोडं असतं आणि पालकांचं पॅकेज किती, हे बरंच असतं. मावशींच्या शाळेला त्या फूटपट्टीनं मोजलं तर तीनच मिळतील. पण त्यातले किती शाळेचे आणि किती नाक्यावर न मिळालेल्या कामाचे?

याचा अर्थ शाळा झकास आहे, असाही नाही हं. सातवीतल्या मुलीला लेखी भागाकार येत नाही, याची जबाबदारी कुणाची तरी आहेच. फक्त शाळा बदलून तो येईल का, हा प्रश्न होता. आणि सहावीत बसवून, इंग्लिशमधून?

निघताना बाईंनी कपाटातून एक लांबट वही काढली. सरकारी नव्हती, त्यांची स्वतःची. दरवर्षीच्या आठवीतल्या मुलांची नावं आणि पुढे एक रकाना, 'नंतर कुठे'. अमुक हायस्कूल नववी. अमुक रात्रशाळा. गावी गेला. लग्न. गॅरेज. पुन्हा शाळेत, वर्षानंतर. काही नावांपुढे रकाना कोरा.

"आठवीपर्यंत मी कशीही ओढून आणते. आमच्याकडे नववी नाही. एप्रिलमध्ये दाखला हातात पडतो आणि जून उजाडेपर्यंत मुलं गळतात. म्हणून मीच दाखले घेऊन त्यांना अनुदानित शाळेत घेऊन जाते. रांगेत उभी करते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माझा रिझल्ट हाच. तो कुठे भरायचा असतो, ते पोर्टलवर सापडलं नाही."

संध्याकाळी मी मावशींना घेऊन बसले. कागदावर दोन रकाने काढले. (सवय!)

इंग्लिश शाळा... दोन वर्षं मागे, वर्षाला फीचेच अठरा हजार, कर्ज. पंचवीस टक्क्यांच्या आरटीईतून फुकट होईल का, हे मावशींनी विचारलंच. तर नाही. ते प्रवेश नर्सरी किंवा पहिलीलाच होतात, मध्येच नाही. (त्याच प्रवेशांवरही २०२४ मध्ये गदा आली होती. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला सूट, असा नियम सरकारनं काढला आणि जुलैमध्ये हायकोर्टानं तो रद्द केला.)

पालिकेची शाळा... फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी जेवण, ज्यात सहावी ते आठवीला डोईमागे १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. आणि एक गोष्ट मला त्या दिवशीच बाईंनी सांगितली, ती कुणी विचारलं नाही तर कळत नाही. एनएमएमएस. आठवीत द्यायची स्कॉलरशिपची परीक्षा. सातवीत ५५ टक्के हवेत, मागासवर्गीयांना थोडी सवलत, आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, चार वर्षांचे ४८ हजार. पण ती फक्त सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. विनाअनुदानित इंग्लिश शाळेत गेली की तो दरवाजा बंद.

शिवाय मुलींना अनुदानित शाळेत बारावीपर्यंत फी माफ. म्हणजे आठवी इथे, नववी चांगल्या अनुदानित शाळेत, जमलं तर सेमी इंग्लिशमधून गणित-विज्ञान. आणि एक इशाराही दिला. २०२३ मध्ये आपल्या राज्यानं नियम बदललेत. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते आणि फेरपरीक्षेतही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. म्हणजे भागाकार आता टाळून चालणार नाही.

मावशी सगळं ऐकत होत्या. कणीक तशीच. मग त्यांनी सरळ माझ्याकडे बघून विचारलं.

"ताई, शाळा इतकी बरी हाय, तर तुमच्या बाळूला घालाल का तितं?"

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. त्याच्या शाळेचं नाव इंग्लिश आहे, त्याच्या शाळेत स्विमिंग पूलचं चित्र असलेलं ब्रोशर मिळतं, आणि तिथे प्रवेश मिळाला तेव्हा मी ऑफिसात खरोखरच पेढे वाटले होते.

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खोटं बोलले असते तर त्यांना लगेच कळलं असतं.

मावशी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नुसती मान हलवली. "खरं सांगितलंत. बरं झालं." आणि पोळ्या लाटायला लागल्या. त्या दिवशीच्या पोळ्या जरा जाड होत्या. मी मुकाट्यानं खाल्ल्या.

चार दिवस काही विषय नाही. मला वाटलं, गेली मुलगी इंग्लिशमध्ये, कर्जासकट. शुक्रवारी भांड्यांचा आवाज करत मावशी म्हणाल्या, "आटवी हितंच होऊ द्या. पोरगी बी म्हनती, लहान पोरांत नाई बसायचं. बचत गटाला नगं म्हनून सांगितलं." मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच पुढचं वाक्य आलं. "पन तुमी पेपरावर इतकं गनित मांडलंत, तर शनवारी तिला बी शिकवायचं. निम्मी शाळा बगंल, निम्मं तुमी बगा."

म्हणजे माझा वीकेंड गेला!

आता दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला बेल वाजते. ती येते, डायनिंग टेबलावर वही उघडते. आम्ही आधी बचत गटाचे पैसे वाटतो आणि मग तेच वहीवर मांडतो. पहिले दोन शनिवार घोळ. तिसऱ्या शनिवारी तिनं ८१६ भागिले ६ मांडला, खाली उतरवला, शून्य बाकी काढली आणि वही माझ्यापुढे सरकवली. चेहऱ्यावर काही नाही. फक्त खालच्या १३६ ला दोन रेघा ओढलेल्या. माझा बाळू त्याच टेबलाखाली बसून 'ए फॉर ॲपल' रंगवत होता.

न्यू जर्सीत सातवाली शाळा फायनल झाली. घरही छान आहे. मैत्रिणीनं काल विचारलं, "तुझ्या मावशींच्या शाळेचं रेटिंग किती निघालं गं?"

मी सांगितलं की अजून निघायचं आहे. बाईंच्या त्या लांबट वहीत पुढच्या वर्षी आठवीच्या पानावर तिचंही नाव लिहिलं जाईल. पुढचा रकाना भरायला दीड वर्ष आहे.